वाचकांचे प्रश्न : बीटलचं टायमिंग आणि घाटातला ताप

प्रश्न : १९७३ची फोक्सवॅगन बीटल. १६०० सीसीच्या इंजिनाला ९०.५ मिमीचे पिस्टन-सिलिंडर घालून १७७६ केलं. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा) बॉश ००९, कार्बोरेटर मूळचा ३४ पिक्ट-३, पुली बाजारात मिळणारी, अंश कोरलेली. आयडलिंगला टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश लवकर पडते ते) ७.५ अंशांवर लावलं की गाडी उचलताना गचका खाते, म्हणून १२ वर नेलं. पिकअप सुधारला, पण आंबा घाटात इंजिन भयंकर तापतं आणि ताकद जाते. नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी टकटक) मात्र ऐकू येत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : गचका घालवायला टायमिंग पुढे नेलंत, त्याची किंमत घाटात मोजताय. ००९ मध्ये व्हॅक्यूम अॅडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या खेचीने टायमिंग पुढे सरकवण्याची सोय, नसतो. फक्त वेगाबरोबर सरकणारी वजनं आणि स्प्रिंगा. आयडलिंगपासून पूर्ण अॅडव्हान्सपर्यंत तो साधारण २० ते २४ अंश पुढे सरकतो. म्हणजे खाली १२ ठेवले तर वर ३२ ते ३६ होतात. या इंजिनाला लोडवर २८ ते ३० पुरे, ३२ ही शेवटची हद्द.

त्यात बोअर वाढवल्याने कॉम्प्रेशनही वाढलंय. हेडची चेंबर ५० सीसी आणि पिस्टन वरच्या टोकाला असताना सिलिंडरच्या काठापासून १.५ मिमी खाली धरला, तर १६०० ला साधारण ७.८ येतात, १७७६ ला ८.४. तेच हेड, तेच पेट्रोल, पण नॉकिंगची शक्यता जास्त. पंख्याच्या आवाजात ते ऐकू येणार नाही, कानावर भरवसा ठेवू नका. घाट चढून आल्यावर प्लग काढा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर गाडी नॉक करतेय. चंदेरी ठिपके पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असतात, तेव्हा पुढचा घाट थांबवा.

टायमिंगला हात लावण्याआधी पुलीवरची शून्याची खूण तपासा. बाजारातल्या पुल्यांची खूण चुकलेली असणं नवलाचं नाही. चारही प्लग काढा, १ नंबरच्या भोकात पिस्टन-स्टॉप (पिस्टनला अडवणारा खिळा) बसवा, ३० मिमीच्या पान्याने पुली हळूच एका बाजूला अडेपर्यंत फिरवा आणि क्रँककेसच्या सांध्यासमोर पुलीवर खूण करा. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं वरचं टोक. जोर लावू नका, पिस्टनला भोक पडेल.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतले उघडमिट करणारे कॉन्टॅक्ट. गॅप ०.४ मिमी, ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते) मोजणारा मीटर असेल तर ४४ ते ५० अंश. हे टायमिंगच्या आधीच व्हायला हवं, कारण गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं आणि कमी झाला की मागे पडतं. उलट क्रमाने केलंत तर सगळं परत.

आता टायमिंग लाइटचा पिकअप १ नंबरच्या वायरवर लावा, इंजिन गरम करा, आरपीएम ३५०० वर धरा आणि २९ अंशांवर बसवा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवली की अॅडव्हान्स (ठिणगी लवकर), काट्याच्या दिशेने की रिटार्ड (उशिरा). क्लँप घट्ट करून पुन्हा तपासा. घट्ट करताना ती हमखास सरकते. आयडलिंगचा आकडा मग जो येईल तो येऊ द्या. ५ ते ९ मध्ये आला तर ठीक. २९ च्या आसपासच अडकून राहिला तर वजनं गंजून जाम आहेत. खाली बरोबर लावून वर ३६ च्या पुढे जात असेल तर आतला स्टॉप झिजलाय.

राहिला तो गचका. तो टायमिंगचा दोषच नाही. ३४ पिक्ट-३ व्हॅक्यूम अॅडव्हान्सच्या भरवशावर बनलेला आहे. थ्रॉटल उघडताना डिस्ट्रिब्युटर लगेच पुढे सरकेल असं तो गृहीत धरतो, आणि ००९ तेव्हा जागचा हलत नाही. अॅक्सिलरेटर पंपाची धार वाढवून आणि आयडल जेट साफ करून थोडं सुधारेल. इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर मिश्रण आणखी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, तेव्हा मेन जेट एक पायरी मोठी करून पाहायला हरकत नाही. खरा इलाज एकच : व्हॅक्यूम आणि वजनं दोन्ही असलेला, एका नळीचा डिस्ट्रिब्युटर. ००९ लोकप्रिय का झाला? स्वस्त होता म्हणून. तो बसवलात तर टायमिंग लावताना व्हॅक्यूम नळी काढून तिचं टोक बंद करा.

प्रश्न : इंजिन उघडून जोडलं, आता सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून ठो ठो होतं. (नाशिक)

उत्तर : वायरिंगचा क्रम पाहा : १-४-३-२, रोटरच्या दिशेने म्हणजे काट्याच्या दिशेने. सिलिंडर मोजताना गाडीचं तोंड पुढे धरा. उजवीकडे पुढचा १, मागचा २. डावीकडे पुढचा ३, मागचा ४. पुली शून्यावर असून १ नंबरचे दोन्ही रॉकर ढिले असतील तर तो कॉम्प्रेशनवर आहे. तेव्हा रोटर डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या खाचेकडे हवा. अगदी विरुद्ध दिसला तर ड्राइव्ह पिनियन १८० अंश उलटी बसलीय. चारही वायरी अर्ध्या फेरीने सरकवल्या तर गाडी चालेल, पण पुढच्या मेकॅनिकचा दिवस जाईल.

प्रश्न : टायमिंग लाइटमध्ये खूण थरथरते. १ आणि ३ नंबरमध्ये फरकही दिसतो. (ठाणे)

उत्तर : रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहा. हाताला खेळ लागला तर बुश गेलेत. पॉइंट कितीही लावा, टायमिंग टिकणार नाही. ३ नंबरचं वेगळं आहे. १ आणि ३ एकाच खुणेवर पेटतात, पण मूळच्या काही डिस्ट्रिब्युटरमध्ये ३ नंबर मुद्दाम थोडा रिटार्ड ठेवलेला असे, कारण ऑइल कूलरमुळे त्या सिलिंडरला हवा कमी मिळायची. त्यामुळे २ ते ४ अंशांचा फरक दिसला तर आधी डिस्ट्रिब्युटरचा पार्ट नंबर पाहा, मग डिस्ट्रिब्युटरचा कॅम बदलायचं ठरवा.