टार्डिग्रेड खरंच कशानेही मरत नाही का? आणि तो घरी बघता येतो का?

मरतो हो. टार्डिग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा आठ पायांचा इवलासा प्राणी, तो टेबललॅम्पखालीसुद्धा मरतो. हे व्हिडिओ बघून सांगत नाहीये, माझ्या समोर मेलेत. त्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये जे महाभारत झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. पाऊस ओसरला की आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर मॉस, म्हणजे ते हिरवं मखमली शेवाळ, माजतं. ते खरवडून रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी पिळून निघालेलं पाणी स्लाइडवर घेतलं. बारावीची पोरं रांग लावून बघत होती. आठ पाय, प्रत्येक पायाला नख्या, आणि काचेवर पकड मिळेना म्हणून जागच्या जागी नुसती झटापट. अंग इतकं पारदर्शक की पोटातलं हिरवं खाणंही दिसत होतं.

तेवढ्यात आमचे फिजिक्सचे सर आले. मला सीनियर. "मॅडम, अवकाशात जाऊन आलेला तो हाच ना? बघू तरी." असं म्हणत स्लाइड उचलून सरळ टेबललॅम्पखाली धरली. जुना, चटके देणारा पिवळा बल्ब. बघता बघता थेंब आटला. मग स्वतःच ड्रॉपरने पाणी सोडलं. दुपारपर्यंत वाट पाहिली, एकही हलला नाही. "सगळ्या फॉरेनच्या गप्पा," मुलांसमोर म्हणाले. तेव्हापासून विषय निघाला की तेच: तुमचा अमर प्राणी बल्बने मेला.

मुळात अमर म्हणालं कोण? टार्डिग्रेडची सगळी करामत सुकण्यात आहे आणि सुकायला त्याला अवधी लागतो. मॉसमधली ओल हळूहळू उतरते तसा तो पाय आत ओढून घेतो आणि आकसून पिंपासारखा होतो. याला टन अवस्था म्हणतात. पेशींमध्ये खास प्रथिनं असतात, पाणी गेलं की ती घट्ट होऊन आतली रचना मोडू देत नाहीत. अंगात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरतं, चयापचय जवळपास थांबतं. ही तयारी व्हायच्या आतच कोरडा केलात तर तो जाणारच. सरांनी केलं ते नेमकं हेच, वर उष्णता दिली ती वेगळी. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० साली एका जातीवर मोजलंय: जागे टार्डिग्रेड ३७.१ अंशांत २४ तास ठेवले तर निम्मे मरतात. मे महिन्यात आमची स्टाफरूम याहून तापते! तेच टन अवस्थेत असले तर निम्मे मरायला तासभर ८२.७ अंश लागतात.

अवकाशाचंही तसंच. २००७ साली फोटॉन-एम३ यानातून गेलेले टार्डिग्रेड सुकवूनच पाठवले होते. निर्वात पोकळी त्यांनी झेलली, पण सूर्याचे पूर्ण अतिनील किरणही ज्यांच्यावर पडले त्यांतले फारच थोडे वाचले. 'शंभर वर्षांनी जिवंत झाला' ही गोष्ट मात्र सोडून द्या. संग्रहालयातल्या जुन्या मॉसमधल्या एकाचा पाय जरासा हलल्याची १९४८ सालची नोंद आहे, बस. पक्कं उदाहरण जपानी संशोधकांचं. अंटार्क्टिकातून १९८३ साली आणलेलं मॉस उणे २० अंशांत ठेवलं होतं, ते २०१४ मध्ये वितळवलं. दोन टार्डिग्रेड हलायला लागले. एक काही दिवसांत मेला, दुसरीने १९ अंडी घातली, त्यांतल्या १४ मधून पिल्लं बाहेर आली.

आणि 'फॉरेनच्या गप्पा' म्हणणाऱ्यांसाठी: बंगळुरूच्या आयआयएससीच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, आवारातल्या काँक्रीटच्या भिंतीवरच्या मॉसमध्येच एक टार्डिग्रेड सापडला. जंतू मारायच्या अतिनील दिव्याखाली तो १५ मिनिटं तगला. अतिनील किरण अंगात शोषून तो निळा चमकतो. २०२५ मध्ये शुभांशू शुक्लांनी अवकाश स्थानकात ज्यांच्यावर प्रयोग केले, तेही टार्डिग्रेडच. सरांना हे सगळं दाखवलं. म्हटलं, मॉस कागदी पाकिटात घालून सावलीत सुकवते, दिवाळीनंतर तुमच्यासमोर भिजवू. "बघू नंतर." ते नंतर अजून आलेलं नाही. फिजिक्सवाल्यांना एक थेंब आटवला की प्रयोग झाला असं वाटतं, त्याला मी काय करू?

तर घरी बघायचाच असेल तर शाळेतला साधा मायक्रोस्कोप पुरतो, १०चं ऑब्जेक्टिव्ह लावा. जिवंत करून दाखवायचा असेल तर मॉससकट सावकाश सुकवा, स्लाइडवर नाही, उन्हात तर मुळीच नाही. भिजवल्यावर काही तास जाऊ द्या, दोन मिनिटांत निकाल मागणाऱ्यांना बोलावूच नका. आणि हो, हे सगळ्या जातींना जमत नाही. कायम पाण्यात राहणाऱ्या बऱ्याच जाती सुकल्या की संपल्या, म्हणून तळ्यातला गाळ नको, भिंतीवरचंच मॉस घ्या. पहिल्या खेपेला बहुधा रोटिफर आणि निमॅटोड (बारीक गोलकृमी) हे मॉसमधले दुसरे सूक्ष्म जीवच दिसतील, मग दुसरी भिंत गाठा.