शहरात माणसे परतली, त्याला काय म्हणावे?

प्रश्न : जर्मनीतल्या लाइपझिग शहरावरचा एक लेख मराठीत आणते आहे. शहराचा ओस पडलेला मध्यभाग माणसांनी आणि व्यवहारांनी पुन्हा भरू लागतो, या घडामोडीला मूळ लेखात ‘रीअर्बनायझेशन’ म्हटले आहे. ‘पुनर्नागरीकरण’ फार जड वाटते. ‘पुनर्वसन’ चालेल का?

उत्तर : ‘पुनर्वसन’ नको. फोड केली तर तो अगदी चपखल आहे, पुन्हा वसणे. पण आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांपासून 1993च्या किल्लारी भूकंपापर्यंत या शब्दाला जो अर्थ चिकटला, तो आता सुटणार नाही. पुनर्वसन म्हटले की उठवलेली किंवा उद्ध्वस्त झालेली वस्ती, तिला दुसरीकडे बसवणारे सरकार आणि वर्षानुवर्षे चालणारे अर्ज डोळ्यांपुढे येतात. लाइपझिगमध्ये माणसे आपल्या पायांनी आली.

‘पुनर्नागरीकरण’ नुसते जड नाही, अर्थानेही खटकते. शुद्धीकरण, रुंदीकरण, नागरीकरण यांतला दीर्घ ‘ई’ पाहा. संस्कृत व्याकरणात हे च्वी रूप : जे आधी तसे नव्हते, ते तसे होणे. शेताचे शहर झाले तर ते नागरीकरण. लाइपझिगचा मध्यभाग रिकामा झाला तेव्हाही शहरच होता, गेली होती ती माणसे.

म्हणून मी ‘वस्ती’पाशी येतो. हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे, नुसत्या झोपडपट्टीला वस्ती म्हणतो. पण खेड्यात रात्री मुक्कामाला राहणाऱ्या एसटीला अजून ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. म्हणजे वस्ती या शब्दात रात्र आहे. आणि शहराच्या मध्यभागाचे दुखणे नेमके रात्रीचेच असते : दिवसा कचेऱ्या भरलेल्या, आठनंतर खिडक्या काळोख्या. तेव्हा संज्ञा हवी असेल तर ‘फेरवस्ती’ करा. फेरविचार, फेरतपासणी, फेरनिवडणूक आपण सहज बोलतो. ‘फेर’ कोणत्याही शब्दाशी जमवून घेतो, त्याला संधीचे नियमही लागत नाहीत.

मात्र तुमच्या प्रश्नात माणसांबरोबर व्यवहारही आहेत, आणि ही दोन्ही जोडीने येतातच असे नाही. व्यवहारांसाठी मराठीत ‘राबता’ आहे : येणे-जाणे, उठबस, गिऱ्हाईक. मुंबईतले गिरणगाव घ्या. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, पुढे लोअर परळच्या त्याच जमिनींवर मॉल आणि कार्यालये आली. राबता परतला, पूर्वीपेक्षा दाट. वस्तीचे काय? गिरणगाव ज्या मुंबई शहर जिल्ह्यात येते, त्याची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत 33.38 लाख होती, 2011मध्ये 30.85 लाख. अशा ठिकाणी ‘फेरवस्ती’ लिहिणे खोटे ठरेल. तुमच्या लेखात कुठल्या वाक्यात घरे आहेत आणि कुठल्या वाक्यात दुकाने, हे पाहूनच शब्द निवडा. मूळ संज्ञेने दोन्ही एका पोत्यात भरले आहे, आपण भरायची गरज नाही.

लाइपझिगला वस्ती खरोखर परतली. 1930च्या दशकात 7 लाखांवर लोक असलेले हे शहर जर्मनी एक झाल्यावर झपाट्याने रिकामे झाले आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस साडेचार लाखांच्या खाली आले. त्यानंतर आसपासची गावे शहरात घेतली गेली, म्हणून आकडा काही अंशी कागदावरच फुगला (भाषांतरात हा तपशील गाळू नका). पण पुढची वाढ माणसांची आहे, आणि आज तिथे 6 लाखांहून जास्त लोक आहेत.

तिथल्या ‘वेख्टरहाउस’चा उल्लेख तुमच्या लेखात असेलच. 2004पासून जुनी रिकामी घरे जवळजवळ बिनभाड्याने वापरायला दिली गेली. अट एवढीच की राहणाऱ्यांनी घराची निगा राखायची. याला ‘पहारेकरी घर’ म्हणू नका. कोकणात बंद घर सांभाळायला ठेवलेल्या माणसाला राखणदार म्हणतात. ‘राखणदारीचे घर’ लिहा.

आणि संज्ञा शीर्षकापुरती ठेवून मजकुरात क्रियापद वापरा. आपल्याकडे ‘नांदणे’ आहे. त्यात राहणे आहे आणि सुखाने राहणेही आहे. नव्या नवरीला आपण ‘सुखाने नांदा’ म्हणतो, ‘सुखाने निवास करा’ म्हणत नाही. ‘शहराच्या मध्यवर्ती भागाचे पुनर्नागरीकरण झाले’ याऐवजी ‘शहराचा गाभा पुन्हा नांदता झाला’ असे लिहून मोठ्याने वाचून पाहा.

‘गाभा’ही नको असेल तर आणखी एक वाट आहे. माझी मावशी कोथरूडहून तुळशीबागेत निघाली की म्हणायची, “जरा गावात जाऊन येते.” पुण्यात पेठांना असे ‘गाव’ म्हणणारी माणसे अजून आहेत. लेखातल्या एखाद्या म्हाताऱ्या लाइपझिगकराच्या तोंडी ‘मध्यवर्ती भाग’ घालण्याऐवजी ‘गावात’ घाला.