हीटरवर पास, कॉम्प्युटरवर ट्रिप

प्रश्न : आम्ही १ केव्हीएचे यूपीएस हीटर आणि बल्ब लावून टेस्ट करतो, फुल लोडला छान चालतात, पण गिऱ्हाईकाकडे जुने कॉम्प्युटर जोडले की कमी लोडलाच ओव्हरलोड दाखवतात. असा लोड बेंचवर कसा तयार करायचा?

उत्तर : हीटरवर तुम्ही फक्त वॅट तपासताय, करंटचा आकार तपासायचा राहतोय. हीटरचा करंट सरळ साइन वेव्ह, त्याचा पीक (सर्वात वरचा बिंदू) हा आरएमएसच्या (मीटर दाखवतो त्या परिणामी किमतीच्या) १.४१ पट. जुन्या कॉम्प्युटरच्या पीएफसी (करंटचा आकार सुधारणारं सर्किट) नसलेल्या सप्लायमध्ये डायोड ब्रिजमागचा (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमागचा) कपॅसिटर व्होल्टेज पीकजवळ आलं की तेवढ्यापुरताच करंट ओढतो, बाकी वेळ जवळपास शून्य, म्हणून क्रेस्ट फॅक्टर (पीक भागिले आरएमएस) ३ च्या आसपास जातो आणि १५०, २५०, ३५० हर्ट्झचे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतले करंट) येतात. म्हणजे ट्रू आरएमएस मीटर ३ अँपिअर दाखवत असताना पीक ९ चा असतो, आणि तुमच्या हीटर टेस्टला फुल लोडवरही पीक ६ च्या थोडासाच वर जातो. साधा मीटर तर इथे आरएमएसही कमीच दाखवतो, तो वापरूच नका.

यूपीएस टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये, आयईसी ६२०४०-३ मध्ये, यासाठी रेफरन्स नॉन-लिनियर लोड (साइन वेव्ह न ओढणारा नमुना लोड) दिलाय, पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.७ चा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १ केव्हीएसाठी हिशोब असा येतो : सिरीजमध्ये साधारण २.१ ओहम, मग डायोड ब्रिज, त्यामागे १२५० मायक्रोफॅरडच्या आसपास कपॅसिटर आणि त्याला पॅरलल ११९ ओहम. पॅरललवाला रेझिस्टर ६६० वॅट जाळतो, सिरीजवाला ४०, तेव्हा रेटिंग भरपूर घ्या आणि फॅन लावा. रिकाम्या कपॅसिटरवर थेट स्विच मारलात तर पीकला दीडशे अँपिअरचा झटका बसू शकतो, म्हणून आधी मोठ्या रेझिस्टरमधून चार्ज करा, मग तो बायपास करा. आणि प्लीज, बंद केल्यावर कपॅसिटर डिस्चार्ज झालाय हे मीटरने बघितल्याशिवाय हात लावू नका, तिथे जवळपास २८० व्होल्ट डीसी असतं!

प्रोग्रॅमेबल एसी लोड (सेट केलेल्या आकाराचा करंट ओढणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) मिळाला तर हवा तो क्रेस्ट फॅक्टर सेट करता येतो, काम पटापट होतं, पण एक फरक लक्षात ठेवा. यूपीएसचं व्होल्टेज वरून चपटं झालं की खऱ्या ब्रिजचा पीक आपोआप कमी होतो, ठरलेला वेव्हफॉर्म ओढणारा इलेक्ट्रॉनिक लोड मात्र तेवढाच पीक मागत राहतो, त्यामुळे चांगला यूपीएसही तिथे नापास होऊ शकतो. म्हणून पास-नापास मी तरी ब्रिजवाल्या लोडवरच ठरवेन.