वटवाघळं आजारी का पडत नाहीत, आणि आणखी काही प्रश्न

मागच्या वेळी वटवाघळांच्या जनुकांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. काही एकमेकांत मिसळून, काही थोडे छाटून इथे घेतले आहेत.

इतके विषाणू अंगावर बाळगूनही वटवाघळं ठणठणीत कशी राहतात? त्यांची प्रतिकारशक्ती आपल्यापेक्षा बलवान असते का?

‘बलवान’ म्हटलं की दिशाच चुकते. निपाह, सार्स किंवा कोविडसारख्या आजारात माणूस दगावतो तेव्हा विषाणूइतकाच, कधी त्याहून जास्त, घात आपल्याच शरीरातल्या अनावर दाहाने केलेला असतो. वटवाघळांच्या जनुकांत सर्वांत ठळक बदल दिसतात ते नेमके या दाहाच्या यंत्रणेत.

पेशीत भलत्या जागी डीएनए सापडला, की सस्तन प्राण्यांमध्ये काही प्रथिनं त्याची वर्दी देतात. २०१३ साली वटवाघळांच्या दोन जातींचे जनुकसंच, म्हणजे त्यांचा संपूर्ण डीएनए, वाचून प्रसिद्ध झाले, तेव्हा हे काम करणारं पीवायहिन नावाचं जनुककुटुंबच त्यांच्यात नसल्याचं आढळलं. पुढे इतर जातींतही तेच दिसलं. स्टिंग हे असंच आणखी एक प्रथिन. त्यात ३५८ व्या जागी इतर सस्तन प्राण्यांमध्ये सेरीन हे अमिनो आम्ल असतं, वटवाघळांत ते बदललेलं आहे. प्रयोगशाळेत तिथे पुन्हा सेरीन बसवल्यावर विषाणूविरोधी प्रतिसाद वाढला. आणि २०१९ मधलं एक निरीक्षण मला सगळ्यांत बोलकं वाटतं: विषाणूंची लागण केलेल्या वटवाघळांच्या पेशींत एनएलआरपी३ या प्रथिनामार्फत होणारा दाह बराच कमी होता, पण विषाणूंच्या संख्येत फारसा फरक नव्हता. शत्रूला हाकलणं वेगळं आणि शत्रू घरात असताना स्वतःचंच घर न पेटवणं वेगळं. वटवाघळांना दुसरी गोष्ट चांगली जमते.

म्हणून पहिल्या आघाडीवर ती ढिली असतात, असं मात्र नाही. इंटरफेरॉन ही विषाणू आल्याचा इशारा आसपासच्या पेशींना देणारी प्रथिनं. त्यांतल्या अल्फा प्रकाराची जनुकं काळ्या फळवटवाघळात अवघी ३ आहेत, माणसात १३. पण ती ३ लागण नसतानाही सतत चालू असतात.

म्हणजे सगळ्या वटवाघळांत हेच असतं?

नाही, आणि बातम्यांमध्ये हमखास गाळलं जातं ते हेच. वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांचे सर्वांत जुने ज्ञात सांगाडे सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या काळात प्रत्येक शाखेने आपापला मार्ग काढला. इबोलाच्या कुळातला मारबर्ग विषाणू बाळगणाऱ्या इजिप्शियन फळवटवाघळाचा जनुकसंच २०१८ मध्ये वाचला गेला. त्यात इंटरफेरॉनची जनुकं कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली. मायोटिस गटातल्या काही जातींत पीकेआर या विषाणूरोधक जनुकाच्या दोन प्रती आहेत. इतर सस्तन प्राण्यांचं सहसा एकीवर भागतं.

सार्सच्या कुळातले विषाणू ज्यांच्यात सापडतात त्या हॉर्सशू वटवाघळांची गंमत तर आणखी वेगळी. ओएएस१ हे प्रथिन अशा विषाणूंना रोखतं, पण त्यासाठी त्याच्या टोकाला एक मेदाचा तुकडा जोडलेला असावा लागतो. या वटवाघळांच्या पूर्वजांच्या जनुकात एक उडता डीएनए, म्हणजे जनुकसंचात नव्या जागी जाऊन बसणारा तुकडा, घुसला आणि ती जोडणीच गेली. म्हणजे दार किलकिलं राहिलं. त्याच वेळी, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार, त्यांच्या व जवळच्या कुळांच्या आयएसजी१५ प्रथिनातून सिस्टीन हे एक अमिनो आम्ल गळालं आहे, आणि त्यामुळे कोविडच्या विषाणूविरुद्धची त्याची ताकद वाढलेली दिसते. एकाच प्राण्यात एक कुलूप तुटलेलं, दुसरं अधिक पक्कं. अशा हिशेबाला ‘महाप्रतिकारशक्ती’ म्हणणं मला पटत नाही.

जीवाश्मांत जनुकं टिकत नाहीत. मग कोटी वर्षांपूर्वीची नैसर्गिक निवड ओळखता कशी?

आजच्या जातींची जनुकं शेजारी शेजारी ठेवून. डीएनएतले काही बदल प्रथिनात काहीच फरक पाडत नाहीत, ते आपोआप साठत जातात. काही बदल प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलतात. बहुतेकदा असे बदल घातक असल्यामुळे गाळले जातात. पण एखाद्या जनुकात हे दुसऱ्या प्रकारचे बदल पहिल्यापेक्षा जास्त वेगाने साठलेले दिसले, तर निवडीने ते उचलून धरले असा अर्थ निघतो. विषाणूंशी थेट भिडणाऱ्या प्रथिनांत हे वारंवार दिसतं, कारण विषाणूही बदलत असतो. एक सावधगिरी मात्र हवी: जनुकसंच अर्धवट वाचलेला असेल तर ‘जनुक हरवलं’ आणि ‘आम्हाला सापडलं नाही’ यांत फरक करता येत नाही. म्हणूनच सर्व वटवाघळांचे जनुकसंच वाचू पाहणाऱ्या बॅट१के प्रकल्पाने २०२० मध्ये सहा जातींचे उत्तम प्रतीचे जनुकसंच दिले, त्याचं मोल मोठं.

याचा उडण्याशी संबंध आहे असं वाचलं. खरं आहे का?

कल्पना सुंदर आहे. उडायला प्रचंड ऊर्जा लागते, त्यातून पेशींची मोडतोड होते, डीएनए भलत्या जागी सांडतो, आणि दर उड्डाणाला दाह पेटू नये म्हणून यंत्रणा मंद झाली. २०१३ च्या त्याच अभ्यासात डीएनए दुरुस्तीच्या जनुकांवरही निवडीच्या खुणा होत्या. पण सस्तन प्राण्यांमध्ये स्वतःच्या बळावर उडणं एकदाच उत्क्रांत झालं. न उडणारं वटवाघूळ तुलनेला नाही. त्यामुळे मी याला सिद्धान्त न म्हणता चांगला अंदाज म्हणेन.

मग उत्तर अमेरिकेत बुरशीने लाखो वटवाघळं कशी मेली?

कारण सहनशीलता सरसकट नसते, ती ओळखीच्या शत्रूशी जुळलेली असते. रेबीजने वटवाघळंही मरतात. ‘व्हाइट नोज’ म्हणजे वटवाघळांच्या नाकावर पांढरा थर आणणारा आजार. त्याची बुरशी उत्तर अमेरिकेत २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा नोंदली गेली. युरोप आणि आशियातली वटवाघळं तिच्यासोबत दीर्घकाळ राहत आली आहेत, अमेरिकेतल्यांना ती नवी. शिवाय ती गाठते शीतनिद्रेत, जेव्हा शरीराचं तापमान आणि प्रतिकारयंत्रणा दोन्ही खाली आलेली असतात. तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. मिशिगनमध्ये तगलेल्या लहान तपकिरी वटवाघळांत फरक दिसले ते शीतनिद्रेतून जागं होणं आणि चरबी वापरणं यांच्याशी संबंधित जनुकांत.

यातून माणसासाठी औषध निघेल?

तयार औषध अजून नाही, पण दिशा आहे. वटवाघळांचं एएससी२ हे दाह आवरणारं प्रथिन उंदरांत घातल्यावर फ्लूने होणारे मृत्यू कमी झाले, असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. हे प्रथिन माणसातही आहे, पण दुबळं. फरक काही मोजक्या अमिनो आम्लांचा आहे. अडचण अशी की माणसात दाह सरसकट दाबला तर साधे जंतूही बळावतात. किती दाबायचा आणि केव्हा, यावर पुढचं काम अवलंबून आहे.