‘नाही आलात तरी चालेल’

प्रश्न : ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे. कामाच्या पाळ्यांमुळे गेल्या ३ वर्षांत तिच्या एकाही स्नेहसंमेलनाला मी गेलेलो नाही. दरवेळी ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणतो आणि राहून जाते. तिची आई मात्र जाते. यंदाची सूचना मला तिच्या दप्तरात सापडली. विचारल्यावर म्हणाली, “बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल, मला एकच वाक्य आहे.” मी घरासाठीच राबतो, हे तिला कळत असेल ना? आता गेलो तर ती अवघडेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत बोलके वाक्य तुमच्या मुलीचे आहे. ३ वर्षे ‘बघतो’ ऐकल्यावर तिने विचारणेच सोडून दिले आणि वर तुम्हाला अपराधी वाटू नये म्हणून स्वतःची भूमिकाही लहान करून सांगितली. एवढ्याशा मुलीने बापाला असे सांभाळून घ्यावे, याचे कौतुक करावे की काळजी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुम्ही राबता, हे तिला कळतेच. पण पडदा उघडल्यावर लहान मुलाची नजर आधी रांगांमधून भिरभिरते, ओळखीचा चेहरा सापडला की स्थिरावते आणि मगच तोंडून वाक्य फुटते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण १ वर्षाच्या बाळांचे अनोळखी खोलीत निरीक्षण केले, तेव्हा आई जवळ असली की बरीचशी बाळे तिच्या आधारावर नव्या खेळण्यांपर्यंत जाताना त्यांना दिसली. तुमची मुलगी आता बाळ नाही, हे खरे. तरी वळून पाहण्याची ती ओढ इतक्या लवकर सुटत नाही. तिला आईचा चेहरा दिसतो, तशी शेजारची खुर्चीही दिसते.

तेव्हा जरूर जा, मात्र अचानक उगवून तिला चकित करण्याचा बेत मनातून काढून टाका, कारण तुम्ही येणार हे आधीपासून ठाऊक असण्यातच तिचा निम्मा आनंद आहे. पाळी आताच बदलून घ्या आणि ते पक्के होईपर्यंत घरी एक अक्षर बोलू नका. मग ती कोणत्या बाजूने प्रवेश करणार हे विचारून घ्या, त्याच बाजूला बसा आणि तिचे वाक्य चालू असताना फोन चेहऱ्यासमोर धरू नका. ती अवघडेल, कदाचित मैत्रिणींसमोर ओळखही दाखवणार नाही. ते मनावर घेऊ नका.

पाळी बदलून मिळाली नाही, तर ‘येता येणार नाही’ असे स्वच्छ सांगा, तुमच्या जागी आजोबांना किंवा मावशीला पाठवा आणि आदल्या रात्री तिचा प्रवेश पोशाखासह घरी करून घ्या.

आणि हो, तिचे ते एक वाक्य कोणते, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. आज रात्री तिला विचारा.