अंकांचा ढीग आणि वाचनाचा क्रम

प्रश्न : आम्ही अर्थशास्त्राच्या चार विद्यार्थिनी मिळून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ची वर्गणी भरतो, पण एक अंक वाचून होण्याआधीच दुसरा येतो आणि ढीग वाढत राहतो. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलाच पाहिजे, हा समज आधी सोडून द्यावा. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले आणि १९६६ पासून सध्याच्या नावाचे साप्ताहिक निघू लागले. त्यात चालू घडामोडींवरील भाष्य आणि दीर्घ संशोधनलेख शेजारी शेजारी असतात, आणि हे दोन्ही एकाच वेगाने वाचता येत नाहीत.

संपादकीये व भाष्यलेख अंक हाती येताच वाचावेत, कारण ते लवकर शिळे होतात. संशोधनलेखाचा मात्र आरंभीचा सारांश, कोष्टके आणि समारोप आधी पाहावा, आणि विषय अभ्यासाशी जुळत असेल तरच तो पूर्ण वाचावा. गणिती सूत्रांपाशी अडलात तर ती तूर्त ओलांडून युक्तिवादाचा धागा धरावा. तुम्ही चौघी आहात, ही तर मोठीच सोय आहे. प्रत्येकीने आठवड्याला एकच दीर्घ लेख घ्यावा आणि तो इतर तिघींना मराठीतून समजावून सांगावा. स्वतःच्या भाषेत सांगू लागले की आपल्याला न कळलेला भाग ताबडतोब उघडा पडतो (शिक्षकांनाही हा अनुभव येतो). परीक्षेच्या दिवसांत साचलेल्या अंकांची केवळ अनुक्रमणिका चाळून उपयोगी लेखांची शीर्षके व अंकाची तारीख वहीत टिपून ठेवावी.