काश्मीर ग्रेट लेक्स: नारानागची देवळं मुद्दाम बघण्यासारखी आहेत का?

तुम्ही विचारलंय: 'सह्याद्रीतले पंधरा-वीस किल्ले झालेत, वय ४८, सुट्टी दहा दिवसांची. काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक झेपेल का? आणि शेवटी नारानागला जुनी देवळं लागतात ती बघण्यासारखी आहेत, की नुसती पडझड?'

झेपेल. पण मी लिहायला बसले ते प्रश्नाच्या दुसऱ्या भागामुळे. पहिल्या खेपेला मी स्वतः ती देवळं पडझड समजून मागे टाकून आले होते.

२०१८ चा ऑगस्ट. सोनमर्गजवळच्या शिटकडीहून निघालो आणि सातव्या दिवशी नारानागला उतरलो. गुडघे बोलायला लागले होते, प्रत्येकाला आंघोळ आणि फोनची रेंज हवी होती, गाड्या तयार उभ्या होत्या. रस्त्याच्या कडेला करड्या दगडांचं काहीतरी दिसलं, कुणीतरी खिडकीतून फोटो काढला आणि आम्ही निघालो. रात्री श्रीनगरच्या हॉटेलात तो हललेला फोटो बघितला तेव्हा त्यात एक तीन पाकळ्यांची कमान होती. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळात असली कमान कुठेच नसते. मग घरी येऊन वाचायला लागले आणि पाच वर्षांनी फक्त त्या देवळांसाठी परत गेले.

आधी तळ्यांबद्दल, कारण ट्रेकला नाव त्यांचं आहे. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, नुंदकोल आणि गंगाबल. शाळेच्या भूगोलात हिमगव्हर आणि हिमोढ पाठ केले होते, त्यांचा अर्थ मला किशनसरच्या वरच्या चढावर समजला. हिमनदीनं डोंगराच्या कुशीत वाटीसारखा खळगा कोरायचा, वाटीच्या काठाला दगडमातीचा बांध टाकायचा आणि आपण वितळून जायचं. उरतं ते तळं. गडसर खिंडीतून (साधारण ४२०० मीटर, वाटेतली सगळ्यात उंच जागा) मागे वळून बघितलं तर दोन वाट्या एकाखाली एक मांडलेल्या दिसतात: वरची किशनसर, तिचं पाणी पडतं खालच्या विशनसरमध्ये.

आणखी एक गंमत नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. विशनसर, किशनसर, गडसर ही तळी उत्तरेला किशनगंगेला मिळतात. नियंत्रण रेषेपलीकडे तिलाच नीलम म्हणतात. गंगाबलचं पाणी मात्र नुंदकोलमध्ये उतरतं, तिथून वांगतच्या ओढ्यानं सिंध नाल्यात आणि पुढे झेलममध्ये जातं. म्हणजे चालता चालता आपण एक पाणलोट ओलांडून दुसऱ्यात येतो. सातसर ते गंगाबल या दिवशी घरांएवढ्या धोंड्यांवरून उड्या मारत जाताना हे कुणाच्या डोक्यात नसतं म्हणा. माझ्याही नव्हतं, मी फक्त पाय मुरगळू नये एवढंच बघत होते.

गंगाबलच्या डोक्यावर हरमुख आहे, ५१४२ मीटर. १८५६ साली मॉंटगोमेरी हा सर्वेक्षक याच डोंगरावर चढून बसला होता. दोनशेहून जास्त किलोमीटरवर काराकोरमची दोन ठसठशीत शिखरं त्याला दिसली आणि त्यानं वहीत के वन, के टू अशी नोंद केली. के टूचं नाव इथून पडलं.

आता देवळं.

नारानागमधल्या 'नाग'चा अर्थ झरा. वेरीनाग, अनंतनाग तसंच हे. दोन देवळांचे गट आहेत, एकमेकांपासून चालत दोन-तीन मिनिटांवर, मध्ये एका अखंड शिळेतून कोरलेलं प्रचंड दगडी कुंड. झऱ्याचं पाणी बांधीव टाक्यात येतं. छपरं गेलीत, भिंती उभ्या आहेत. काश्मीरच्या देवळांना शिखर नसतं, दोन टप्प्यांचं पिरॅमिडसारखं उतरतं छप्पर असतं. बर्फ साचू नये म्हणून असणार, तिथल्या लाकडी घरांचंही तसंच आहे. दारावर त्रिकोणी माथा आणि त्यात ती तीन पाकळ्यांची कमान. ही बांधकामं आठव्या शतकातल्या ललितादित्याच्या काळातली मानतात. मट्टनजवळचं मार्तंड सूर्यमंदिर बांधणारा राजा तोच. कल्हणाच्या राजतरंगिणीत (काश्मीरच्या राजांचा काव्यात लिहिलेला इतिहास, ११४८-५० च्या सुमाराचा) त्याची दिग्विजययात्रा पार आपल्या कोकणापर्यंत येऊन जाते. इतिहासकार ती शब्दशः धरत नाहीत, पण श्रीनगरात बसलेल्या कवीला बाराव्या शतकात कोकण हा शब्द ठाऊक होता, याचंच मला अप्रूप वाटलं.

या जागेला जुन्या ग्रंथात नंदिक्षेत्र म्हणतात आणि इथल्या शिवाला भूतेश. नुंदकोल या नावात तोच नंदी आहे. कल्हणाचे वडील चंपक काश्मीरच्या राजा हर्षाचे मंत्री होते, ते दरवर्षी सात दिवस इथे येऊन राहत असं कल्हणानंच लिहिलंय. त्यामुळे तो या जागेबद्दल लिहितो ते ऐकीव वाटत नाही. लहानपणी वडिलांचं बोट धरून आला असेल, असा आपला माझा अंदाज.

त्याची एक गोष्ट सांगतेच, कारण ती वाचून देवळासमोर उभं राहिलात तर दगड वेगळे दिसतात. राजा अवंतिवर्मा (८५५-८८३) भूतेशाच्या पूजेला आला. बघतो तर देवापुढे नैवेद्य म्हणून रानातली कडू भाजी, उत्पलशाक. हे काय, असं त्यानं विचारलं. पुजारी म्हणाले, इथला धन्व नावाचा डामर, म्हणजे जमीनदार, मंत्री शूर यांचा मुलासारखा लाडका आहे. देवाची गावं त्यानं बळकावलीत, आमच्याकडे वाहायला एवढंच उरलंय. राजा काही बोलला नाही. पोटात कळ आली असं दाखवून पूजा अर्धी टाकून उठला. शूराला कळ कुठली ते बरोबर कळलं. त्यानं धन्वाला बोलावून घेतलं आणि त्याचं मुंडकं उडवलं, मग राजाला जाऊन तब्येत विचारली. राजा म्हणाला, आता बरं वाटतंय, आणि त्यानं पूजा पूर्ण केली. देवस्थानच्या इनाम जमिनींची भांडणं ज्यांनी गावात बघितलीत त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. न्याय मात्र जरा झटपट.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला: पूर्ण ट्रेक करायचा हट्ट नसेल तर उलट बाजूनं जा. श्रीनगरहून गाडीनं थेट नारानाग, साधारण ५० किलोमीटर. पहिला दिवस अख्खा देवळांना. सकाळी लवकर जा, कारण दरी अरुंद आहे आणि तिरपं ऊन आलं की कोरीवकाम उठून दिसतं. मग बुटशेरी, त्रुंखोलमार्गे गंगाबलला चढायचं, वर दोन रात्री, परत त्याच वाटेनं खाली. काश्मिरी पंडितांची गंगाबल यात्रा २००९ पासून पुन्हा सुरू झालीय, तीही नारानागहूनच वर जाते. या तळ्यात अस्थी विसर्जनाची त्यांची जुनी रीत आहे. त्यामुळे काठावर मोठ्यानं गाणी लावून बसलेले गट बघितले की मला फार खटकतं. आपली मराठी मंडळी यात मागे नाहीत, हेही सांगून टाकते.

पूर्ण सत्तर-एक किलोमीटरचाच करायचा असेल तरी शेवटच्या दिवशी गाडीत बसू नका, नारानागला एक मुक्काम वाढवा. दहा दिवसांत बसतं, फक्त गुलमर्गचा मोह सोडावा लागेल.

झेपण्याबद्दल थोडं. किल्ल्यांचा सराव पायांना उपयोगी पडतो, फुप्फुसांना नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. नारानाग हे पायथ्याचं गावच २१०० मीटरच्या वर आहे आणि गंगाबल साडेतीन हजारांच्याही पुढे. मी पहिल्या वेळी पुण्याहून विमानानं येऊन दुसऱ्याच दिवशी चालायला लागले आणि वाटेतल्या निचनाईच्या मुक्कामी तंबूत रात्रभर डोकं धरून बसले. श्रीनगर किंवा सोनमर्गला एक दिवस नुसते बसा, पाणी पीत राहा, डोकं ठणकत असेल तर वर चढू नका. त्रुंखोलहून नारानागचा उतार साधा दिसतो पण संपतच नाही, काठी दोन्ही हातांत हवी.

हंगाम मधला जुलै ते मधला सप्टेंबर. जुलैच्या सुरुवातीला निचनाई खिंडीत बर्फ असू शकतं, गडसरमध्ये बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात. फुलं हवी असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच ठिकाणं बंद केली होती आणि ती टप्प्याटप्प्यानं उघडली. म्हणून तिकिटं काढण्याआधी स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करा, इथल्या कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्याही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. अर्थात शिटकडीच्या पुढे तेही मुकंच.

आणि हो, वाटेत गुज्जर पशुपालक कुटुंबांचे मातीचे कोठे, म्हणजे घरं, लागतात. कुणी आत बोलावून मीठ घातलेला गुलाबी चहा दिला तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं करू नका. मी केलं होतं. त्या घरातली आजी इतकी हसली की तिनं मला पुन्हा पेला भरून दिला.